लाँड्रीच्या पाटीवर कुणाचं नाव?



'घरचा धंदा' हा शब्द कानाला किती गोड लागतो! घरचं तूप, घरचा मसाला, तसाच घरचा धंदा. नवरा-बायको दोघं मिळून राबतात, मुलं शाळेतून आली की हात लावतात, कुणी मालक नाही की कुणी नोकर नाही. पाहणीसाठी वस्तीत गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं. 'बाई, तुम्ही काय काम करता?' 'काही नाही, घरीच असते. ह्यांच्या दुकानात थोडं बघते.' हे 'थोडं' पहाटे सुरू होतं आणि रात्री अकराला संपतं, हे पुढचे चार प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही.

या अंकात बाईच्या न मोजलेल्या श्रमांवर बरंच काही आहे. संपादकीयासाठी आम्ही मुद्दाम लांबचं उदाहरण घेतलं आहे, अमेरिकेतल्या चिनी लाँड्रीचं. आपल्याकडे 'परीट' म्हटलं की आधी जात डोळ्यांसमोर येते आणि चर्चा तिकडे वळते. तीही व्हायला हवी, पण ती वेगळी. इथे असं एक काम पाहायचं आहे की ज्याच्याशी ते करणाऱ्या पुरुषांचा पिढीजात काहीच संबंध नव्हता. त्यांच्या गळ्यात ते पडलं, कारण ते 'बायकी' होतं.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जगभरातून पुरुषांचे लोंढे तिकडे धावले. बायका अगदीच थोड्या. खाणीत राबून कपडे मातीनं कडक व्हायचे, पण ते धुवायचे कुणी? गोऱ्या पुरुषाला ते काम करण्यात कमीपणा. धुण्याचे दर इतके चढले की काही जण मळके शर्ट जहाजातून थेट होनोलुलूला धुवायला पाठवत! स्वतः बादलीत हात घालण्यापेक्षा समुद्र ओलांडणं सोपं वाटावं, यातच पुरुषी इभ्रतीचं सगळं गणित आलं.

त्याच काळात दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातून, विशेषतः तोयसान आणि आसपासच्या भागातून, हजारो तरुण अमेरिकेला निघाले होते. अमेरिकेला ते 'सोन्याचा डोंगर' म्हणत. खाणीत उतरले तर परदेशी खाणकामगारांवर वेगळा कर बसला. डोंगर फोडून त्यांनी रेल्वेचा मार्ग घातला, तो १८६९ साली पूर्ण झाला आणि ते रस्त्यावर आले. कारखान्यात, शेतात, जातील तिथे 'हे आमची भाकरी पळवतात' म्हणून गोरे कामगार अंगावर येत. मग उरलं काय? स्वयंपाक, घरकाम आणि धुणं. या कामांसाठी गोरा पुरुष भांडायला येणार नव्हता. लाँड्रीला भांडवल कमी लागे, इंग्रजी चार शब्द आले तरी भागे. १९२०च्या सुमारास अमेरिकेतल्या दर चार कमावत्या चिन्यांपैकी निदान एक जण लाँड्रीत होता.

ली च्यू नावाच्या एका लाँड्रीवाल्यानं १९०३ साली न्यूयॉर्कच्या 'द इंडिपेंडंट' या साप्ताहिकात आपली हकिगत सांगितली आहे. त्याचं म्हणणं असं, की चीनमध्ये लाँड्री हा प्रकारच नाही, तिथे धुणं बायका धुतात. इथले चिनी पुरुष हे काम शिकले ते अमेरिकन बायकांकडून. तो स्वतः एका गोऱ्या कुटुंबात घरगडी होता, तिथल्या बाईनं त्याला धुण्या-इस्त्रीचे धडे दिले. आणि तरी पुढे कित्येक वर्षं हेच सांगितलं गेलं की धुणं चिनी माणसाच्या रक्तातच असतं! १९७०च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर पाणी मृदू करणाऱ्या एका पावडरीची जाहिरात लागायची. लाँड्रीवाला गिऱ्हाइकाला सांगतो की शर्टाच्या पांढरेपणाचं रहस्य प्राचीन चिनी आहे, आणि मागून त्याची बायको येऊन पावडरीचा डबा दाखवते. जाहिरात टवाळीची होती, पण नकळत एक खरी गोष्ट बोलून गेली. कामाची खरी माहिती असलेली बाई पडद्यामागे होती.

हे काम कसं चाले, ते जरा बघू. रस्त्याला लागून अरुंद दुकान, पुढे लाकडी कठडा, मागे छतापर्यंत फळ्या, त्यांवर तपकिरी कागदात बांधलेले गठ्ठे. पडद्यामागे भट्टी, टब, वाळवणाच्या दोऱ्या, इस्त्रीची टेबलं, आणि कुठेतरी कोपऱ्यात झोपायची जागा. आलेल्या कपड्यांवर खुणा करायच्या, पावतीचा अर्धा तुकडा गिऱ्हाइकाला द्यायचा, पांढरे-रंगीत वेगळे करायचे, भिजवायचे, उकळायचे, पिळायचे, कॉलर-कफांना खळ द्यायची. मग इस्त्री. कोळशाच्या शेगडीवर एकावेळी कितीतरी इस्त्र्या तापत ठेवलेल्या, एक निवाली की दुसरी उचलायची. एकेक आठ पौंडांची, म्हणजे साडेतीन किलोहून जास्त. लाँड्रीवाले आपल्या पोटापाण्याला 'आठ पौंडांचं जगणं' म्हणत. समाजशास्त्रज्ञ पॉल स्यू यांनी शिकागोच्या लाँड्र्यांवर प्रबंध लिहिला (तो १९८७ साली पुस्तकरूपानं आला). ते स्वतः लाँड्रीवाल्याचा मुलगा. त्यांनी टिपलेलं मुख्य दुःख एकटेपणाचं आहे. देशात बायकामुलं, इथे इस्त्री, आणि 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणता म्हणता तीस वर्षं गेलेली.

या माणसांना सुखानं इस्त्रीही करू दिली नाही, हेही सांगायलाच हवं. सॅन फ्रान्सिस्कोत १८७०च्या दशकात परवान्याचा दर असा ठरवला की कपडे घोडागाडीतून पोचवणाऱ्यांना कमी फी आणि ज्यांच्याकडे घोडाच नाही त्यांना सर्वांत जास्त. चिनी लोक गठ्ठे खांद्यावरून पायी पोचवत. कायद्यात 'चिनी' हा शब्द कुठेही नाही! असे कायदे वाचायची सवय आपल्याला आहे. मग १८८० साली ठराव झाला, लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर नगरमंडळाची परवानगी हवी. शहरातल्या सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडीच होत्या आणि २४० चिन्यांच्या. दोनशे चिन्यांनी अर्ज केले, एकालाही परवानगी मिळाली नाही. चिनी नसलेल्या ऐंशी जणांना मिळाली. अपवाद फक्त एकाच बिगरचिनी अर्जाचा, तो फेटाळला गेला. तो होता मेरी मीगल्स नावाच्या बाईचा. इतिहासकार हा अपवाद एका ओळीत उरकतात. आपण त्या ओळीपाशी क्षणभर थांबायला हरकत नाही.

यातला एक लाँड्रीवाला, त्याच जागी बावीस वर्षं धंदा केलेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दहा डॉलर दंड भरायला त्यानं नकार दिला होता आणि तुरुंगात गेला होता. १८८६ साली न्यायालयानं एकमतानं निकाल दिला, की कायदा कागदावर कितीही निष्पक्ष दिसो, तो राबवताना भेदभाव होत असेल तर तो अन्यायच, आणि कायद्याचं समान संरक्षण नागरिकांनाच नव्हे, तर प्रत्येक माणसाला आहे. अमेरिकन घटनेच्या इतिहासातला हा मोठा निकाल. तो 'यिक वो विरुद्ध हॉपकिन्स' म्हणून ओळखला जातो. गंमत अशी, की 'यिक वो' हे माणसाचं नाव नव्हतंच, ते लाँड्रीच्या पाटीवरचं नाव होतं. माणसाचं नाव ली यिक. ज्यानं घटनेतला 'प्रत्येक माणूस' या शब्दाचा अर्थ लावून घेतला, त्यालाच कायद्याच्या पुस्तकात स्वतःचं नाव मिळालं नाही.

पण आमचं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच एका खटल्यानं. माँटाना राज्यानं हातलाँड्र्यांवर दहा डॉलर परवाना फी बसवली. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या लाँड्र्यांना सूट. आणि आणखी एक सूट, बायकांना, दोनपेक्षा जास्त बायका कामाला नसतील तर. म्हणजे फी भरणार कोण? हातानं धुणारा पुरुष, अर्थात चिनी. क्वाँग विंग नावाचा लाँड्रीवाला न्यायालयात गेला आणि १९१२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. न्यायमूर्ती होम्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे काम सर्वसाधारणपणे बायकांचंच समजलं जातं, त्यात राज्याला बायकांवर कमी भार टाकावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. वरवर बघता ही बायकांना सवलत! प्रत्यक्षात 'धुणं हे बाईचं काम' यावर शिक्कामोर्तब झालं आणि ते करणारा परका पुरुष शिक्षेला पात्र ठरला. आपल्या नावानं कुणाला तरी मारण्याची ही रीत आपण चळवळीत पुष्कळदा पाहिली आहे. स्त्रियांच्या रक्षणासाठी म्हणून आणलेला कायदा पुढे कुणाच्या पाठीवर पडतो, हे विचारल्याशिवाय त्याचं स्वागत करू नये, असं आम्हांला वाटतं.

अर्थात, सगळं कायदेमंडळातल्या पुरुषांवर ढकलून मोकळं होता येत नाही. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन शहरात १८७७ साली काळ्या धुणेवाल्यांनी, गुलामगिरीतून सुटून जेमतेम बारा वर्षं झाली होती अशा बायकांनी, मजुरीसाठी संप केला. धाडसी संप होता. त्या मोर्चानं वाफेच्या लाँड्रीवर गेल्या, तिची दारंखिडक्या बंद पाडल्या. मग चिनी लाँड्र्यांकडे वळल्या आणि त्यांना शहर सोडून जायला बजावलं. चार वर्षांनी, १८८१ साली, अटलांटात काळ्या धुणेवाल्यांचा याहून मोठा संप झाला. वीस जणींनी सुरू केलेली संघटना तीन आठवड्यांत तीन हजारांवर गेली. नगरपालिकेनं पंचवीस डॉलर परवाना फीची धमकी दिली, तर यांनी उलट कळवलं की फी भरू, पण मग या धंद्यावर ताबा आमचा राहील. अटलांटाची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, गॅल्व्हस्टनची सांगत नाही. सर्वांत खालच्या पायरीवर दोघांना उभं केलं की ती एकमेकांचेच पाय ओढतात, हे पायरी बांधणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

आतापर्यंत आलेल्या बायका गोऱ्या किंवा काळ्या. चिनी बाई कुठे आहे?

ती दाराबाहेर उभी होती. अमेरिकेनं चिनी पुरुषांवर बंदी घातली १८८२ साली, पण चिनी बाईवर त्याच्या सात वर्षं आधीच घातली होती. १८७५च्या पेज कायद्यानं वेश्याव्यवसायासाठी येणाऱ्या स्त्रियांना मज्जाव केला, आणि चिनी बाई म्हणजे वेश्याच असणार असं धरून चौकशी केल्यामुळे लग्नाच्या बायकाही गळल्या. १८८४ साली न्यायालयानं ठरवलं की बायकोचा दर्जा नवऱ्याचा असेल तोच. नवरा मजूर, तर बायकोही मजूर, तिनं प्रत्यक्षात काही करो वा न करो, आणि मजुरांना बंदी. व्यापाऱ्याला बायको आणता येई. मग लाँड्रीचा मालक कोण, व्यापारी की मजूर? १८९३ साली कायद्यात दुरुस्ती करून 'मजूर' या शब्दाच्या व्याख्येत खाणकामगार, फेरीवाले यांच्याबरोबर लाँड्रीवाल्यालाही नावानिशी घातलं. दुकान त्याचं, गल्ला त्याचा, तरी तो मजूर. कारण त्याला व्यापारी म्हटलं असतं तर त्याच्या बायकोला आत घ्यावं लागलं असतं. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत चिनी पुरुष १ लाख ३ हजारांवर आणि चिनी बायका चार हजारही नव्हत्या. पॉल स्यूंच्या लाँड्रीवाल्याचं एकटेपण हा काही नशिबाचा खेळ नव्हता, ते एकेक कलम लिहून तयार केलेलं होतं.

(बायकोचा दर्जा नवऱ्यावरून ठरवण्याची ही पद्धत आपल्याला परकी वाटायला नको. इंजिनियर नवऱ्याबरोबर पुण्यामुंबईहून अमेरिकेला गेलेल्या कितीतरी शिकलेल्या मराठी मुलींनी 'एच-४' या आश्रित व्हिसावर वर्षं काढली आहेत. २०१५ सालापर्यंत त्यांना पगाराचं काम करायची मुभाच नव्हती. त्या वर्षी मिळाली तीही सगळ्यांना नाही, आणि कुणाला मिळणार ते नवऱ्याच्या कागदपत्रांवरून ठरणार.)

जी मागे राहिली तिचं काय झालं, हे मॅक्झिन हाँग किंग्स्टन या लेखिकेनं सांगितलं आहे. किंग्स्टन यांचा जन्म १९४० सालचा, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी, आईवडिलांची तिथे लाँड्री. १९७६ साली आलेलं त्यांचं 'द वुमन वॉरियर' हे पुस्तक आठवणी आणि कहाण्या यांची सरमिसळ आहे, पण त्यातलं खरं ओळखायला आपल्यासारखीला अडचण पडत नाही. पहिलीच कहाणी वडिलांच्या बहिणीची. १९२४ साली गावात घाईघाईनं सतरा लग्नं लावली जातात, का, तर सोन्याच्या डोंगराकडे निघालेल्या पोरांनी परत यावं, पैसे पाठवावेत. लग्न म्हणजे खुंटी आणि बायको म्हणजे दोर. नवरे जातात. काही वर्षांनी ही आत्या गरोदर असल्याचं दिसतं. गावकरी मुखवटे चढवून रात्री घरावर चालून येतात, पीक तुडवतात, जनावरं मारतात, भांडीकुंडी फोडतात. त्याच रात्री ती डुकरांच्या गोठ्यात बाळंत होते, आणि सकाळी विहिरीत दोघांचे देह सापडतात. घरानं तिचं नाव घेणं बंद केलं. ती जन्मलीच नव्हती, असं ठरलं. पुरुष कोण होता, त्यानं जबरदस्ती केली का, हे कुणी विचारलं नाही. किंग्स्टनना ही कहाणी आईनं सांगितली ती वयात येताना ताकीद म्हणून. आपल्यालाही आयांनी अशाच ताकिदी दिल्या आहेत, फक्त गावांची नावं वेगळी.

नावाचंच बोलायचं तर ज्या थोड्या बायका आत पोचल्या, त्यांच्या नोंदी पाहाव्यात. 'वाँग शी', 'ली शी', 'चिन शी'. अमेरिकन कारकुनांना वाटलं हे बाईचं नाव. प्रत्यक्षात 'शी' म्हणजे 'अमक्या घराण्यात जन्मलेली', एवढंच. आपल्या जुन्या दस्तऐवजांत बाईच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव घालत, तिथे निदान बाईचं स्वतःचं नाव तरी आधी येई! नवऱ्याला जग लाँड्रीच्या पाटीवरून ओळखतं, बायकोला बापाच्या घराण्यावरून.

किंग्स्टनची आई अमेरिकेला आली ती नवरा गेल्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी, १९४०च्या सुमारास. दरम्यान तिची चीनमधली दोन मुलं दगावली होती. नवऱ्यानं पाठवलेले पैसे तिनं दागिन्यांत घातले नाहीत, कँटनच्या सुईणविद्येच्या शाळेत नाव घातलं, शिकली, पदवी घेऊन गावी परतली आणि बाळंतपणं करू लागली. गावात तिला मान होता, लोक तिला न्यायला येत. ही बाई अमेरिकेत आली आणि इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिली. तिची पदवी तिथे कुणाच्या उपयोगाची नव्हती. नवराही देशात मास्तर होता, न्यूयॉर्कच्या लाँड्रीतून भागीदारांनी त्याला बाहेर काढलं आणि ही दोघं स्टॉकटनला आली, असं किंग्स्टननी 'चायना मेन' या पुढच्या पुस्तकात लिहिलं आहे. सकाळी साडेसहा ते मध्यरात्र, हे आईच्या कामाचे तास. तान्हं मूल इस्त्रीच्या टेबलावरून उचलून गठ्ठ्यांच्या फळीवर, तिथून दुकानाच्या काचेच्या खिडकीत, असं दिवसभर सरकवायचं. उन्हाळ्यात लाँड्रीतला पारा १११ अंशांवर जाई (फॅरनहाइटमध्ये, आपले ४४), तेव्हा आई किंवा वडील मुलांना भुताच्या गोष्टी सांगत, निदान अंगावर काटा येऊन गार वाटावं म्हणून! दुसऱ्यांचे मळके कपडे निवडताना आई तोंडाला पांढरं फडकं बांधे. शिकलेली सुईण होती, जंतू कशाला म्हणतात ते तिला ठाऊक होतं.

आईला आपल्या घसरणीची पुरती जाणीव होती आणि ती मुलांना तसं ऐकवायची. चीनमध्ये तिला स्वतःचे कपडेही टांगावे लागत नव्हते. पण तुमच्या बापाला एकट्याला हे झेपलं नसतं, ताकद माझ्यात आहे, हेही ती सांगायची. लाँड्री 'कुटुंबाची' होती म्हणजे काय, ते या दोन बोलांत आलं.

आता यातले तास कायद्यानं मोजायचे कसे? ऑरेगन राज्यात १९०३ साली कायदा झाला होता की लाँड्रीत आणि कारखान्यात बाईला दहा तासांहून जास्त राबवता येणार नाही. पोर्टलंडच्या एका लाँड्रीमालकानं त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि १९०८ साली तो हरला. न्यायालयानं कायदा उचलून धरला तो बाई नाजूक असते, उद्याची आई असते, या कारणावर. त्या कारणावरून अमेरिकन स्त्रियांत तेव्हापासून वाद आहे, आपल्याकडे रात्रपाळीच्या बंदीवरून झाला तसाच. पण तो वाद कारखान्यातल्या बाईपुरता. नवऱ्याच्या दुकानात साडेसहा ते मध्यरात्र उभी असलेली बाई कुणाचीच नोकर नव्हती. तिला पगार नव्हता, म्हणून तिचे तासही नव्हते. हे कायद्याबाहेर राहणं चिनी कुटुंबांच्या पथ्यावरच पडलं, असंही म्हणता येईल. मोठ्या यांत्रिक लाँड्र्यांपुढे हातलाँड्री टिकली ती याच फुकटच्या हातांवर. पण पथ्यावर पडलं कुणाच्या, हा प्रश्न उरतोच.

एकटेपणाचाही असाच हिशोब करायला हवा. मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन जंग यांनी आपल्या लहानपणावर लिहिलं आहे. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावात त्यांच्या आईवडिलांची लाँड्री होती आणि १९२८ ते १९५६ या काळात त्या गावातलं ते एकमेव चिनी कुटुंब होतं. गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या, नळ वेगळे, शाळा वेगळ्या, आणि मध्येच हे एक घर. नवऱ्याला निदान कठड्यापलीकडे गिऱ्हाइकं भेटत. घरच्या बाईला स्वतःच्या भाषेत दोन शब्द बोलायला गावात दुसरी बाई नाही! पंचवीस-तीस वर्षं! आपल्या बायकांच्या गटात 'बोलायला मिळालं' हे पहिलं कारण सांगणाऱ्या किती जणी असतात, हे आठवलं की मेकनमधल्या त्या घराचा अर्थ लागतो.

पुरुषांची संघटना मात्र झाली, आणि चांगली झाली. १९३३ साली न्यूयॉर्कनं एकट्यादुकट्याच्या लाँड्रीवर पंचवीस डॉलर फी आणि हजार डॉलरचा जामीन लादायचं ठरवलं, वर नागरिकत्वाची अट, आणि चिन्यांना तर नागरिक होताच येत नव्हतं. चायनाटाउनमधल्या जुन्या, श्रीमंत व्यापाऱ्यांच्या संघटनेवर विसंबून न राहता लाँड्रीवाल्यांनी आपली वेगळी 'चायनीज हँड लाँड्री अलायन्स' काढली. फी दहा डॉलरवर आली, जामीन शंभरावर, नागरिकत्वाच्या अटीतून सूट मिळाली. वर्षभरात दोन हजारांवर सभासद झाले. पुढे जपानी आक्रमणाविरुद्ध याच इस्त्रीवाल्यांनी चीनसाठी पैसे जमवले. ज्यांना शेजारी नाव घेऊन हाक मारत नव्हते, त्यांनी महानगरपालिकेला माघार घ्यायला लावली, याचं मोल आपल्याला कळतं. मागण्यांचा कागद पाहिला तर तो परवान्याचा, जामिनाचा, दुकानाचा आहे. परवाना ज्याच्या नावावर, मागणी त्याची.

१९४३ साली चीन युद्धात मित्र झाला म्हणून बंदी उठली, कोटा किती, तर वर्षाला १०५ माणसं! बायकांना खरी वाट मिळाली ती युद्धानंतर, सैनिकांच्या आणि नागरिकांच्या पत्नींसाठी झालेल्या १९४५-४६च्या कायद्यांनी. तेव्हा कित्येक जोडपी वीस-पंचवीस वर्षांनी एका छपराखाली आली, जवळजवळ अनोळखी माणसांसारखी, आणि दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीत उभी राहिली. पण तोवर घरोघर धुण्याची यंत्रं येऊ लागली होती, नाणं टाकून चालणाऱ्या लाँड्र्या निघाल्या होत्या. हातलाँड्री आटत गेली. बायका चायनाटाउनमधल्या शिवणाच्या कारखान्यांत गेल्या, जिथे निदान पगाराचं पाकीट स्वतःच्या हातात पडे. १९८२ साली न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये सुमारे वीस हजार शिवणकामगार, बहुतेक सगळ्या बायका, संपावर उतरल्या आणि करार मिळवून परतल्या.

स्टॉकटनची लाँड्री मात्र संपामुळे नाही, यंत्रामुळेही नाही, शहर सुधारणेच्या योजनेत पाडली गेली. जागा सोडल्याचे पैसे मिळाले, सामान हलवण्यापुरते. गिऱ्हाईक जमवायला सतरा वर्षं लागली होती, तेवढी आणखी सतरा वर्षं म्हाताऱ्या जोडप्याकडे नव्हती. त्या पैशात किंवा कुठल्याही योजनेत आईच्या श्रमांचा वेगळा आकडा नव्हता. कसा असणार? ती कधी कामावर नव्हतीच. मग ती शेतमजुरीला जाऊ लागली, टोमॅटो तोडायला, बटाटे काढायला. पहाटे गावाच्या नाक्यावर दारुडे, भटके आणि मेक्सिकन मजूर यांच्या रांगेत उभं राहायचं, शेतमालकांच्या गाड्या येतात, त्यांत चढायचं. पिकल्या केसांच्या बाईला कुणी गाडीत घेत नसे. म्हणून केस काळे रंगवून ती त्या रांगेत उभी राहायची. संध्याकाळी हातात रोख मजुरी मिळायची.